एकटीला किती दिवस लागतील?

दसरा झाला की माझ्या दुकानासमोर कोयते टांगले जातात. आडव्या बांबूला दोरी, दोरीला कोयते, खाली ताडपत्रीचे गठ्ठे आणि एकात एक घालून ठेवलेली जर्मनची पातेली. ऊसतोडीला निघालेली माणसं पुढचे आठ-दहा दिवस वडवणीत येत राहतात. कोयता हातात घेतात, पात्यावर बोटाच्या पेरानं एक टिचकी मारतात आणि कान देतात. आवाज मोकळा आला की कोयता बाजूला काढतात, बद्द आला की परत टांगतात. लोखंड कुठलं, लोहार कोण, काही विचारत नाहीत. त्यांना एक टिचकी पुरते.

मी गल्ल्यामागं बसून हा आवाज ऐकत असते. तीस वर्षं होत आली, पण तो ऐकला की मला ऊस आठवत नाही, गणितं आठवतात. गुलाबी पुठ्ठ्याची पातळ पुस्तकं, नव्या दोरखंडाचा वास, आणि माळ्यावर पालथ्या पडून पेन्सिल चावणाऱ्या दोन मुली. नवऱ्याला हे सांगितलं की तो हसतो. तो इथल्याच शाळेत गणित शिकवतो, पण कोयत्याच्या आवाजानं गणित आठवणारी बाई त्याच्या पाहण्यात एकच आहे, आणि ती त्याच्या घरात आहे, याचं त्याला कौतुक वाटतं की काळजी, ते मी अजून विचारलेलं नाही.

बाजार खुला झाला, असं तेव्हा पेपरात रोज यायचं. आमच्या गावात तो खुला झाला म्हणजे एसटीडीचा पिवळा बोर्ड लागला, चार घरांवर केबलची वायर आली आणि पानाच्या टपरीवर नव्या थंड पेयाच्या बाटल्या दिसायला लागल्या. बीडच्या कॉलेजात आमच्या गणिताच्या सरांनी एक दिवस शिकवता शिकवता खडू ठेवला आणि म्हणाले, "आता कंपन्या येणार. त्या चालवायला माणसं लागणार. त्याची एक प्रवेशपरीक्षा असते. तुमच्यातल्या किती जणांना माहिती आहे?" कुणालाच नव्हती. मग सरांनी फळ्यावर एम.बी.ए. अशी तीन अक्षरं लिहिली आणि तास संपला. मी शेजारी बसलेल्या सुनंदाकडं पाहिलं. तिनं ती अक्षरं वहीत उतरवून खाली तारीख घातली होती.

सुनंदा वडवणीपासून कोसभरावरच्या एका वाडीवरची. तिचे आई-वडील वर्षानुवर्षं ऊसतोडीला जायचे आणि ही आश्रमशाळेत वाढली. वडलांचे गुडघे गेल्यावर थोरला भाऊ भगवान आणि त्याची बायको जायला लागले. वाडीवरची पहिली बी.एस्सी. झालेली मुलगी ती, आणि हे ती कुणाला सांगायची नाही, लोकच सांगायचे. मी दुकानदाराची मुलगी, मला कशाचीच सवय नव्हती. तिला सगळ्याची होती. आमचं जमलं ते बहुतेक त्यामुळंच.

सरांनी पत्ता दिला आणि आम्ही दिल्लीहून पोस्टानं अभ्यासक्रम मागवला. एकीच्या नावावर, दोघींत एक. पुस्तकांचा पहिला गठ्ठा ज्या दिवशी आला, त्या दिवशी अप्पांनी दुकानातलं गिऱ्हाईक थांबवून तो स्वतः फोडला. अप्पा म्हणजे माझे वडील. हे दुकान त्यांचं. त्यांची शाळा चौथीत सुटली होती, पण गणितावर जीव. दुपारी दुकान रिकामं असलं की पुडीच्या कागदावर आकडे मांडत बसायचे. गुणाकार झाला की उत्तराखाली दोन रेघा मारायचे, एकाखाली एक, अगदी सरळ. मलाही लहानपणी त्यांनी तेच शिकवलं. उत्तर काढल्याशिवाय उठायचं नाही आणि दोन रेघा मारल्याशिवाय गणित संपलं म्हणायचं नाही.

आणि मग आम्ही चौथ्या पुस्तकातल्या त्या प्रकरणाशी आलो.

त्या गणितांत उत्तर काढायचंच नव्हतं. वर एक प्रश्न, खाली दोन विधानं. सांगायचं फक्त एवढंच, की उत्तर काढायला ही माहिती पुरेशी आहे का. नुसत्या पहिल्या विधानावरून उत्तर निघत असेल तर अ. नुसत्या दुसऱ्यावरून निघत असेल तर ब. दोन्ही मिळून लागत असतील तर क. कुठल्याही एकानं भागत असेल तर ड. आणि दोन्ही असूनही भागत नसेल तर इ. निघेल एवढं कळलं की थांबायचं. प्रत्यक्षात किती निघतं, ते परीक्षकाला नको होतं.

मला हे पटेना. गणित सुटेल हे माहीत असताना ते न सोडवता पुढं जायचं म्हणजे ताटात वाढलेलं नुसतं बघून उठायचं. अप्पांना सांगितलं तर ते चष्मा काढून म्हणाले, "मंजी उत्तर काढायचंच न्हाई?"

"नाही."

"आन माहिती कमी हाय असं लिवलं तरी मार्क?"

"पूर्ण मार्क."

त्यांनी चष्मा परत घातला. "मंग काफी हाय का न्हाई, येवढंच बगायचं," असं स्वतःशी म्हणाले आणि त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांना काफीची गणितं असं नाव पडलं. आई खालून ओरडायची, "काफीची झाली असतील तर जेवायला या."

पावसाळा सरेपर्यंतचे ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे मी आज सरळ सांगून टाकते. दुकानावरच्या माळ्यावर दोरखंडाची वेटोळी रचलेली असायची, त्यांना टेकून आम्ही बसायचो. खाली कुणी खिळे मागायचं, कुणी कुलूप. पत्र्यावर कावळा चालला तर त्याची पावलं मोजता यायची. सुनंदा सकाळी वाडीवरून चालत यायची आणि दिवस मावळायच्या आत चालत जायची. येताना तिच्या ओच्यात काहीतरी असायचंच, कधी शेंगा, कधी काकडी. "आधी खा, मंग क्ष काढ," म्हणायची.

क्षवरूनच आमचं पहिलं भांडण झालं. क्षचा वर्ग पंचवीस आहे, तर क्ष किती? मी लिहिलं, पाच. माहिती पुरेशी. सुनंदा म्हणाली, "उणे पाच कुटं गेला?" मी म्हटलं, उणे पाच कोण धरतं? ती म्हणाली, "तो हाय ना पर. न धरल्यानं जातो का?" तिच्या बोलण्यात असलं काहीतरी यायचं आणि मी दिवसभर त्याच्यावरच विचार करत राहायचे.

आता ते गणित सांगते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. एक पुरुष आणि एक स्त्री मिळून एक काम बारा दिवसांत करतात. स्त्रीला एकटीला तेच काम करायला किती दिवस लागतील? विधान एक, दोघंही रोज सारखेच तास काम करतात. विधान दोन, पुरुष एकटा ते काम वीस दिवसांत करतो.

आम्ही दोघींनी न बोलता ड लिहिलं, कुठल्याही एकानं भागेल. पुस्तकामागच्या उत्तरांत होतं ब, फक्त दुसऱ्यानं. अशी चूक आमच्याच भागातल्या पोरी करू शकतात. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पंधरा कोयत्यांची टोळी म्हणजे तीस माणसं. जोडीतलं एकटंच कुणी आलं, तर तो अर्धा कोयता, मग तो बाप्या असो की बाई. लहानपणापासून दुकानात हेच ऐकलेलं. त्यामुळं दोघं सारखेच तास राबतात एवढं वाचलं आणि आमच्या डोक्यात अर्धं-अर्धं होऊनही गेलं. बारा दिवसांचं काम, एकटीला चोवीस. ते अर्धं-अर्धं पुस्तकात कुठंच दिलेलं नव्हतं. ते आम्ही घरून आणलं होतं.

मला चूक कळली. मी लगेच दुसऱ्या विधानावरून उत्तर काढलं, कारण मला काढल्याशिवाय राहवत नाही. पुरुषाला वीस, तर स्त्रीला तीस. दोन रेघा मारल्या. सुनंदानं वही ओढून घेतली.

"तीस?"

"पुस्तकाप्रमाणं तीस."

"पुस्तकवाला कधी उसाच्या फडात गेलता का?" ती खरीच चिडली होती. "बाप्या तोडतो. बाई पाला साळती, मोळी बांदती, डोक्यावर न्हेऊन फळीवरून ट्रकात चढवती. तिला तीस दिस कावून लागतील? चोवीस म्हन. बराबरीचं तरी म्हन."

"अगं, हे गणित आहे."

"मला म्हाईत हाय गणित हाय," ती म्हणाली आणि शेंगा सोलत बसली.

नवरात्र बसलं तोवर सुनंदाच्या घरी गोड बातमी कळून चार-पाच महिने झाले होते आणि त्याचं आता गणित मांडावं लागणार होतं. वहिनीचे दिवस मार्गशीर्षात भरत होते. तिला फडात नेणं शक्य नव्हतं, आणि बाळंतपणासाठी आई घरात हवी. भगवानचं नाव टोळीत लागलेलं, पण एकट्याचं म्हणजे अर्ध्या कोयत्याचं. टोळीचा मुकादम म्हणाला, जोडी करून आण, नाहीतर राहू दे. जोडी कोण? घरात दोन हात रिकामे होते, ते सुनंदाचे. परीक्षा डिसेंबरात. टोळी निघणार दिवाळीच्या आधी.

ती मला हे सांगायला आली तेव्हा मी माळ्यावर तिच्यासाठी पुस्तक उघडून ठेवलं होतं. तिनं ते मिटवलं नाही. खूण घालून बाजूला ठेवलं. म्हणाली, "दादानं मला आश्रमशाळेतून कधी फडावर न्हेलं न्हाई. माझ्या वाटचं त्यानं तोडलंय. आता येका साली म्या जायाचं, त्यात काय येवढं." मी रडले. ती नाही रडली. मी म्हटलं, परीक्षेचं काय? ती म्हणाली, "परीक्षा हायच की. तू हायस, पोस्ट हाय."

जायच्या दिवशी ती भगवानबरोबर दुकानात कोयता घ्यायला आली. अप्पांनी स्वतः उठून पाच-सहा कोयते खाली काढले. भगवान एकेकावर टिचकी मारत होता. सुनंदानं एकच उचलला, एक टिचकी मारली आणि म्हणाली, "ह्यो. पयल्या विधानानंच भागलं." भगवानला काही कळलं नाही. अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि मग ते बराच वेळ बांबूवरचे कोयते उगीच सारखे करत राहिले.

तर त्या थंडीत मी पोस्टकार्डं लिहिली. साखर कारखाना पुणे जिल्ह्यात, इंदापूरकडं. पत्ता म्हणजे मुकादमाचं नाव, टोळी आणि कारखान्याचा गाडीअड्डा. एका कार्डावर बारीक अक्षरात तीन-चार काफीची गणितं बसायची. इतर गणितांना जागा लागते, आकृत्या लागतात, ह्यांना लागत नाही. पहिलं उत्तर आठव्या दिवशी आलं. "१-ब, २-इ, ३-क. मराठीत लिहीत जा. इथं वाचून दाखवावं लागतं. थंडी लई आहे."

वाचून दाखवावं लागतं, कारण पोस्टकार्ड उघडंच असतं. गाडीअड्ड्यावरून ते तीन हातांतून टोळीच्या कोप्यांपर्यंत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांपर्यंत जायचं, आणि एवढं बारीक लिहून वडवणीहून काय आलंय, हे प्रत्येकाला हवं असायचं. सुनंदानं एकदा लिहिलं, "राम शामपेक्षा मोठा आहे का, हा प्रश्न रद्द कर. इथल्या बायका विचारतात, कुठला राम, कुणाचा. एकीनं तिच्या गावचा राम सांगितला, तो शामपेक्षा मोठाच आहे म्हणे. ती म्हणते माहिती पुरेशी आहे." मी तो प्रश्न रद्द केला नाही. पण तेव्हापासून नावांच्या जागी अक्षरं घालायला लागले.

इकडं आमच्या पोस्टमनमामांना वेगळाच संशय आला. त्यांनी आठवडाभर कळ काढली आणि मग एक दिवस अप्पांना बाजूला घेतलं. "अप्पा, राग धरू नगा. पर पोरीचं काई आकड्याचं तर न्हाई ना? येक ब, दोन इ, तीन क... रोज येतंय." गावात मटका चालायचाच, त्यामुळं त्यांचीही चूक नव्हती. अप्पांनी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि काफीची गणितं काय असतात ते समजावून दिलं. मला वाटतं अप्पांना ती खऱ्या अर्थानं त्याच दिवशी समजली. नंतर मामा कार्ड देताना वाचूनच द्यायचे. "आज दोन इ आल्यात. दोनदा कसं काय भागलं न्हाई?"

मी उत्तरं पुस्तकाशी ताडून पाहायचे. सुनंदाची चुकतच नव्हती. महिन्याभरात दहातली नऊ बरोबर यायला लागली. माळ्यावर असताना आमचं सारखंच जमायचं. आता मी दिवसभर टेबल, कागद, पेन्सिल घेऊन बसलेली आणि ती फडात, तरी ती पुढं. मी तिला विचारलं, कधी सोडवतेस? तिनं लिहिलं, "सकाळी कार्ड वाचायचं आणि कंबरेला खोचायचं. पाला साळताना एक, मोळी बांधताना एक. कागद नाही, म्हणून उत्तर काढता येत नाही. निघतंय का, एवढंच बघता येतं. तेवढंच तर विचारलंय."

हे वाचून मी कार्ड पालथं ठेवलं. तिच्याजवळ कागद नव्हता म्हणून तिला ते जमलं, आणि माझ्याजवळ रीमभर होता म्हणून मला जमत नव्हतं. मी अजूनही प्रत्येक गणित शेवटापर्यंत सोडवत होते, दोन रेघा मारत होते आणि घड्याळात वेळ संपलेला असायचा. मला तिचा हेवा वाटला. चांगला ठसठशीत वाटला, आणि दुसऱ्या दिवशी मी तिला मुद्दाम सगळ्यात अवघड चार गणितं पाठवली. खाली लिहिलं, वहिनीला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. उत्तर आलं, "चारी ड. दादा दिवसभर गाणं म्हणत होता, सगळा फड वैतागला." चारांतली तीन बरोबर होती. चौथं माझंच लिहिताना चुकलं होतं.

हॉलतिकिटं दोन्ही माझ्या पत्त्यावर आली. केंद्र पुण्याचं. सुनंदाचं तिकीट मी तिला पोस्टानं पाठवलं नाही, गाडीअड्ड्यावर हरवलं तर काय, म्हणून मी आणि अप्पा ते घेऊन जाणार असं ठरलं. परीक्षा रविवारी. तिला शनिवारी निघून सोमवारी परत पोहोचायचं होतं, म्हणजे तीन दिवस. मुकादम तयार नव्हता. अर्धा कोयता गेला तर उरलेल्या अर्ध्याचं मी काय करू, म्हणाला. शेवटच्या कार्डात तिनं एवढंच लिहिलं होतं, "बघते. येणं जमलं तर गेटवर."

त्या रविवारी सकाळी पुण्यातल्या त्या शाळेच्या फाटकाशी मी उभी होते. हातात दोन हॉलतिकिटं. भोवती मुलं-मुली इंग्रजीत बोलत होती. अप्पा लिंबाखाली भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेले. पहिली घंटा झाली. मला भीती वाटत होती की ती येणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्या भीतीत एक बारीकसा कण असाही होता, की नाही आली तर माझ्यापुढं कुणी नसेल. त्या कणाची मला अजून लाज वाटते. मग रस्त्यापलीकडं रिक्षा न थांबवता, धावतही नाही, नेहमीच्या चालीनं सुनंदा येताना दिसली. रापलेली, केस घट्ट बांधलेले, बोटांवर पाचटानं कापलेल्या बारीक रेषाच रेषा. मी तिच्या हातात तिकीट दिलं आणि मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं हसले.

"कसं सोडलं मुकादमानं?"

"दादा म्हनला, तीन दिस दोघांचं मी करतो. तू जा." तिनं तिकिटावरचा स्वतःचा फोटो पाहिला. "लई गोरी दिसत होते की मी."

आत मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. काफीच्या गणितांच्या विभागात वीसपैकी अकरापर्यंत पोहोचले. ती अकराही मी कच्च्या कागदावर पूर्ण सोडवली आणि प्रत्येकाखाली दोन रेघा मारल्या. सुनंदानं वीसच्या वीस केली आणि उरलेल्या वेळात पेन्सिलला टोक केलं. बाहेर आल्यावर आम्ही तिघांनी लिंबाखाली भाकरी खाल्ली. अप्पांनी पेपर कसा गेला हे विचारलं नाही. त्यांनी तिच्या बोटांकडं पाहिलं आणि खिशातून तेलाची छोटी बाटली काढली, कोयत्यांना लावायची.

सुनंदाला पुढच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. मला कुठंच मिळाला नाही. वाईट वाटलं, पंधरा दिवस चांगलंच वाटलं. मग एका दुपारी अप्पांनी मला गल्ल्यावर बसवलं आणि स्वतः मागं कडेला आडवे झाले, ते उठले संध्याकाळी. तेव्हापासून मी इथं बसते आहे. उत्तर काढल्याशिवाय न उठणाऱ्या माणसाला दुकान बरं असतं. इथं प्रत्येक गिऱ्हाईक शेवटापर्यंत सोडवावं लागतं. सुनंदा आता एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. दिवाळीला येते, माळ्यावर चढते, दोरखंडाला टेकून बसते आणि म्हणते, "वास त्योच हाय." मला तिच्या आयुष्याचा हेवा वाटत नाही, आणि तिला माझ्या आयुष्याचा वाटत असला तर तिनं तो कधी पोस्टकार्डावर लिहिलेला नाही.

एका कार्डाचं सांगायचं मात्र राहिलं. परीक्षेनंतर दहाएक दिवसांनी आलं होतं. मी काही पाठवलं नव्हतं, तरी आलं. वरचं अक्षर अनोळखी, मोठं, पाटीवर गिरवल्यासारखं. भगवानचं.

"मंगलताईस नमस्कार. सुनी गेल्यावर तीन दिस येकट्यानं तोडलं, साळलं, मोळ्या बांदल्या आन वाह्यल्या. लई जोर लावला. तरी दोगांचं रोज जेवडं व्हायचं त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेलं न्हाई. मला वाटलं व्हतं अर्दं तरी व्हईल. सुनीला म्हनलं ह्याचं गणित मांड आन तुमाला कळव."

त्याखाली सुनंदाचं बारीक अक्षर. "दोघं मिळून बारा दिवस. पुरुष एकटा, तिसरा हिस्सा, म्हणजे छत्तीस दिवस. स्त्री एकटी, अठरा." आणि अठराच्या खाली दोन रेघा. तिच्या हातून मी पाहिलेल्या पहिल्याच.

अप्पांनी ते पुडीच्या कागदावर दोनदा ताडून पाहिलं. मग ते आत गेले. आई पाण्याची घागर उचलत होती, ती त्यांनी तिच्या हातून घेतली. आईला वाटलं दुकानात कुणी मेलं की काय. कार्ड त्यांनी गल्ल्याच्या काचेखाली सरकवलं, ते अजून तिथंच आहे. कडा पिवळ्या झाल्यात, अक्षर शाबूत आहे.

काल नांदूरघाटकडची एक जोडी आली होती. नवरा टिचक्या मारत होता, तोवर त्याची नजर काचेखाली गेली. त्यानं वाचलं आणि मान वळवली.

"काय लिवलंय वो?" बायकोनं त्याला विचारलं.

"काई न्हाई. हिसाब हाय कायतरी."

मी तिला वाचून दाखवलं. भगवानचं सगळं, आणि खालचं गणितही. तिनं नीट ऐकून घेतलं. मग बांबूवरून एक कोयता काढला, पात्यावर टिचकी मारली, कान दिला आणि तो माझ्यासमोर काचेवर ठेवला.

"आटरा कावून?" ती म्हणाली. "मला सोळा लागत्याल."